उकंडाजींचा सरकारी पाय

उकंडाजी हवालदारांना दोन पाय होते. उजवा घरचा आणि डावा सरकारी. हे मी म्हणत नाही, ते स्वतःच म्हणत. सकाळी माझ्यापुढे येऊन उभे राहिले की पहिली खबर पायांची. "मुनशीजी, घरचा ठीक हाये. सरकारी आज कुरकुर करून राहिला."

डावी मांडी पलटणीच्या कामात मोडली, म्हणून तो पाय सरकारचा, असा त्यांचा सरळ न्याय होता. आणि सरकारी वस्तूवर घरचं तेल घालायचं नाही. त्यांची बायको सोनाबाई जवसाचं तेल कोमट करून वाटी घेऊन यायची, तर हे उजवा पाय पुढे करायचे.

"त्याले काय झालं? त्याले कायले चोळू?" ती ओरडायची.

"त्यालेच चोळ. दोघाइचं वझं तोच वाह्यते."

डाव्या पायात काटा मोडला तर काढायच्या आधी ते मला येऊन दाखवत. कशाला, तर उद्या सरकारनं विचारलं तर साक्षीला कोणी असावं.

मी तेव्हा अमरावतीला कचेरीसमोरच्या कडुनिंबाखाली सतरंजी टाकून लोकांचे अर्ज लिहून देत असे. पोटासाठी साताऱ्याकडून आलो होतो. दिवस मोठे धामधुमीचे होते. समुद्रापलीकडे कुठं तरी लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस अडला होता आणि विलायतेच्या गिरण्या आमच्या काळ्या मातीकडे डोळे लावून बसल्या होत्या. रस्त्यात कापसाच्या गाड्या, गाड्यांमागे दलाल, दलालांमागे भांडणं. माझ्याकडं येणारा प्रत्येक माणूस कापसाचंच गाऱ्हाणं घेऊन येई. याच्या बैलानं त्याचा कापूस खाल्ला, त्याच्या गाडीच्या कण्यानं याची गाडी फाडली. त्या सगळ्या गर्दीत ज्याच्या तोंडात कापूस नाही असा एकच माणूस मला ठाऊक होता. उकंडाजींना जखमी शिपायाची पेन्शन हवी होती. ते 'पिन्शन' म्हणत.

पोटाची अडचण होती म्हणून नव्हे. नाल्याकाठी सोनाबाईचा वांग्या-मिरच्यांचा मळा होता आणि बाजारात तिच्या टोपलीभोवती गर्दी असे. शिवाय एका आडत्यानं त्यांना कापसाच्या गंज्यांवर रखवालीला बोलावलं होतं. पगारही त्या दिवसांत मिळत होता तसा घसघशीत. उकंडाजींनी त्याला हाकलून दिलं.

"कावून हो?" मी विचारलं. एव्हाना माझ्याही तोंडात त्यांची बोली बसू लागली होती.

"रखवालदार म्हंजे धडधाकट मानूस. मंग सरकार म्हनंन, याचा पाय चांगला हाये. मले पैसा नाई पाह्यजे मुनशीजी. मले कागद पाह्यजे. हा पाय आमच्या कामात गेला, असं त्याइनं लिहून द्यावं. बस्स."

आता पाय खरोखर गेला होता का? गेला होता. मांडीचं हाड मोडून वाकडं जुळलं होतं आणि डावा पाय उजव्याहून चांगला अडीच बोटं आखूड झाला होता. मोच्याकडून त्यांनी डाव्या जोड्याला एकावर एक तळ ठोकून घेतले होते आणि वर आत कापूस भरत. त्यामुळं ते आले की आधी आवाज यायचा, टक् आणि मग धप्प. रस्त्यानं जाताना ते नेहमी उजव्या कडेनंच जात, कारण तिथं रस्ता उजवीकडं उतरता असे आणि डावा पाय आपोआप उंचावर पडे. समोरून कापसाची गाडी आली तरी कड सोडत नसत. गाडीवाला ओरडायचा, हे उभे राहायचे. शेवटी बैलच बाजूला व्हायचे.

पेन्शन मागणाऱ्यांना तपासायला छावणीतला डॉक्टरसाहेब वर्षातून एकदा अमरावतीला येई. पहिल्या वेळी मीच कागद घेऊन सोबत गेलो. उकंडाजींनी पेटीतला जुना कोट काढला, मिशांना पीळ दिला, फेटा असा आवळला की भुवया वर गेल्या. रांगेत सगळे कण्हत होते. एक जण तर दोघांच्या खांद्यावर लटकून आला होता. बाहेर जाताना तो आमच्या पुढं पळत गेला, ते वेगळं.

साहेब म्हणाला, "चलके दिखाव."

उकंडाजी चालले. काय चालले! छाती पुढं, नजर समोर, हात काटकोनात. भिंतीपर्यंत गेले, टाच आपटून वळले, परत आले आणि सलाम ठोकला. रांगेतले कण्हणारेसुद्धा क्षणभर ताठ झाले. साहेबानं खूश होऊन मान हलवली आणि कागदावर लिहिलं, चाल उत्तम.

बाहेर आल्यावर मी कपाळाला हात लावला. "हवालदार, जरा लंगडायचं तरी!"

"सायबापुढं?" ते म्हणाले. मी त्यांना साहेबापुढं धोतर सोडायला सांगितल्यासारखी त्यांची मुद्रा झाली.

दुसऱ्या वर्षी मी हुशारी केली. जोडे बाहेर काढायला लावले. म्हटलं आता अडीच बोटं कुठं लपवतील? त्यांनी डाव्या पायाच्या चवड्यावर चालून ती लपवली. घामानं कोट भिजला, मानेची शीर तटतटली, पण खांदा गव्हाच्या दाण्याएवढाही खाली गेला नाही. चाल उत्तम.

त्या दिवशी सोनाबाईनं मला मळ्यात बोलावून फैलावर घेतलं. "घरी खाटेवरून उठाले याले तीन हाका लागते. उठते तं बाप्पा म्हनते, माय म्हनते. अन् सायबापुढं घोड्यावानी! तुमी कसले मुनशी हो? लिहिता काय, झाडपाला?"

मग आम्ही दोघांनी मिळून ठरवलं की हवालदारांना लंगडायला शिकवायचं. मिरच्यांच्या वाफ्यांमधल्या वाटेवर तालीम सुरू झाली. सोनाबाई कमरेवर हात ठेवून हुकूम सोडी, "लंगडा! अजून लंगडा! तोंड वाकडं करा!" उकंडाजी मोठ्या कष्टानं लंगडू लागले. मी जरा वेळ पाहिलं आणि मला काही तरी चुकल्यासारखं वाटलं. सोनाबाईच्याही ध्यानात आलं. ते उजव्या पायानं लंगडत होते.

"अहो, तो घरचा!" ती किंचाळली.

उकंडाजी थांबले, दोन्ही पायांकडं आळीपाळीनं पाहिलं आणि प्रामाणिकपणे म्हणाले, "सरकारीनं जमत नाई. त्याले सवय नाई लंगडाची."

तालीम तिथंच संपली.

तिसऱ्या वर्षी मात्र कचेरीकडून एक पत्र आलं. मी ते त्यांना वाचून दाखवलं. पाय सरकारी कामात मोडला, हे जुन्या दप्तरावरून सरकारला मान्य होतं. पण दप्तर असंही सांगत होतं की इस्पितळात हाड नीट बसवलं होतं आणि शिपायाला दोन महिने पडून राहण्याची ताकीद होती. मग हाड वाकडं जुळलं कसं? शिपायानं पथ्य मोडलं असेल, तर तो त्याचा दोष. पथ्य पाळलं असेल, तर तसं पाहिलेला इस्पितळातला साक्षीदार आणावा.

पत्र ऐकून उकंडाजी तसेच उठले. सरकारी पायाची खबर न देताच घरी गेले. असं पूर्वी झालं नव्हतं.

संध्याकाळी सोनाबाईच माझ्याकडं आली. म्हणाली, "साक्षीदार हाये. रहीमखाँ. एकाच पलटनीतले, एका ताटात जेवनारे. हे इस्पितळात होते तवा तो रोज उशाशी बसे. आता अकोल्याले राह्यते. कापसाच्या बाजारात वजनं पुकारते म्हनते."

"मग हवालदार बोलले कसे नाहीत?"

"मलेबी तेच कयत नाई. इतकी वर्सं झाली, अकोल्याचं नाव काढलं की हे वाफ्याले पानी द्याले जाते."

तिनं त्यांना काय सांगितलं ते मला ठाऊक नाही, पण चौथ्या दिवशी उकंडाजी छकड्यात बसून माझ्या दारी आले. तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. "चला," म्हणाले. "बायको म्हनते अकोल्याले जा, नाई तं मळ्यात पाय ठेवू नका. दोन्हीतला कोनताच."

अकोल्याचा रस्ता कापसानं पांढरा झाला होता. गाड्यांमधून गळलेला कापूस बाभळींना लटकत होता. वाटेत मूर्तिजापूरला मुक्काम झाला. सगळ्या वाटेत उकंडाजी एकच गोष्ट तीन वेळा बोलले. "मुनशीजी, तिथं तुमी काही बोलू नका. मी बोलीन."

बाजाराच्या अलीकडं त्यांनी छकडा थांबवला. खाली उतरले. जोड्यातला कापूस काढून नवा भरला, कोट झटकला, फेटा आवळला. काट्याजवळ एक वाळकुडा, पांढऱ्या दाढीचा माणूस उंच आवाजात वजनं पुकारत होता. उकंडाजी त्याच्या दिशेनं निघाले आणि मी पाहतच राहिलो. डॉक्टरसाहेबापुढंही ते असे चालले नव्हते. टक् आणि धप्प हा फरकसुद्धा ऐकू येईना.

म्हाताऱ्यानं पुकारा अर्ध्यावर सोडला. त्यानं उकंडाजींच्या तोंडाकडं पाहिलं नाही. आधी पायांकडं पाहिलं. डावा, उजवा, डावा. मग धावत येऊन त्यानं मिठीच मारली.

"या अल्ला! उकंड्या, तू तं तसाच चालतं बे! पलटनीत चालत होता तसाच!"

"मंग? काय झालं होतं मले?" उकंडाजी म्हणाले.

रहीमखाँनी आम्हाला गंजीच्या सावलीत बसवलं, पाणी दिलं आणि मी कोण ते विचारलं. मी तोंड उघडायच्या आत उकंडाजींनी उत्तर दिलं, "हे कापसाचे व्यापारी. साताऱ्याचे. माल पाहाले आले."

माझ्या खिशात कचेरीचं पत्र होतं आणि कापसातलं मला एवढंच कळे की तो पांढरा असतो. उकंडाजींनी माझ्याकडं असं पाहिलं की मी लगेच कापसाचा पुंजका हातात घेऊन तो ओढून, हुंगून, मान डोलावू लागलो. हुंगतात की नाही कोण जाणे. रहीमखाँ जरा चमकले, पण साताऱ्याकडं तशी रीत असेल असं समजले असावेत.

मग ते मला त्या दिवसाची गोष्ट सांगू लागले. मेळघाटात सेमाडोहच्या चढावर तोफेचा गाडा चालला होता. चाकाखाली दगड लावायचं काम रहीमखाँचं. "दगड हातातच होता सेठजी. मले उशीर झाला. गाडा मागं आला. मी चाकासमोरच उभा. यानं मले ढकललं, अन् चाक याच्या मांडीवरून गेलं."

उकंडाजी म्हणाले, "बैल बुजले होते."

"बैल काही बुजले नव्हते."

"बुजले होते. त्या तांबड्या बैलाची खोडच होती."

"तांबडा बैल त्या दिवशी नव्हताच!" रहीमखाँ ओरडले आणि मग आवाज उतरवून माझ्याकडं वळले. "इस्पितळात मी रोज जाऊन बसे. हा निजलेला, पायाले फळ्या बांधलेल्या. मले वाटे, याचा पाय मी खाल्ला. घास गळ्याखाली उतरे ना. किती दिवस जेवलो नाई कोन जाने. लोक म्हनत, लंगड्याच्या आधी हा रहीम्याच मरते. मंग एक दिवस मी गेलो, तं हा फळ्या सोडून उभा! खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालून दाखवलं यानं. म्हने, पायाले काय झालं, काहीच नाई झालं, आता जेव. मी तिथंच याच्या ताटात जेवलो."

ते हसले. "त्याच महिन्यात माही बदली झाली. मंग भेट नाई. पन एवढं समाधान होतं, का याचा पाय नीट बसला."

मी उकंडाजींकडं पाहिलं. ते अगदी मन लावून एका बैलाच्या शिंगांकडं पाहत होते. सरकारनं पत्रात जे विचारलं होतं, त्याचं उत्तर मला मिळालं होतं आणि त्यांना ते पहिल्यापासून ठाऊक होतं.

तेवढ्यात रहीमखाँना हुक्की आली. बाजूला मोठ्या पोत्यांत कापूस भरून माणसं ती पायांनी तुडवत होती. "चल बे उकंड्या, पाहू दोघात कोन जास्त तुडवते. पलटनीची कवायत समज!" आणि हा सत्तरीकडं झुकलेला माणूस पोत्यात उतरलासुद्धा.

मी म्हटलं, "अहो, हवालदार दमलेत..."

"कोन दमलं?" उकंडाजी म्हणाले, आणि दुसऱ्या पोत्यात उतरले.

ते दृश्य मी विसरणार नाही. छातीपर्यंत पोत्यात बुडालेले दोन म्हातारे, लेफ्ट राइट ओरडत, कापसावर नाचत होते. भोवती गाडीवाले जमून टाळ्या पिटत होते. उकंडाजींचा चेहरा हसत होता आणि दोन्ही हातांनी त्यांनी पोत्याचा काठ इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली होती. शेवटी रहीमखाँनीच हार मानली. जाताना त्यांनी मला, साताऱ्याच्या सेठजींना, ओळखीच्या भावात एक गाठोडं कापूस गळ्यात मारला. त्या कापसाच्या मी पुढं दोन गाद्या करून घेतल्या.

बाजार दिसेनासा झाला तसे उकंडाजी छकड्यात आडवे झाले. मी गाठोडं त्यांच्या मांडीखाली सरकवलं.

"हाड जुळलं नव्हतं तेव्हा?" मी विचारलं.

"नव्हतं."

"डॉक्टरनं सांगितलं होतं ना, उठू नका म्हणून?"

"तो जेवत नव्हता हो, मुनशीजी," ते म्हणाले. जणू एवढ्यात सगळं आलं. मग थोड्या वेळानं, "साक्षीदार भेटला नाई म्हनून लिहा. अकोल्यात लई गर्दी होती, म्हना."

घरी त्यांना दोघांनी धरून उतरवावं लागलं. सोनाबाईनं विचारलं, "काय म्हने रहीमखाँ?" मी सांगितलं, ते म्हणाले पाय नीट बसला. ती नवऱ्याकडं वळली. मला वाटलं आता तोफ सुटणार. पण ती फक्त म्हणाली, "खुश झाला असंन तो," आणि पाणी तापवायला आत गेली.

त्यानंतर मी माझ्या धंद्याला न शोभणारी गोष्ट केली. अर्जदारानं सांगितलं नाही ते अर्जात लिहिलं. रहीमखाँचं नाव न घेता लिहिलं की शिपायानं पथ्य मोडलं हे खरं, पण ते सोबत्यानं अन्न सोडलं होतं म्हणून मोडलं. आणि खाली विनंती केली की अर्जदाराची चाल पाहू नये, त्याला निजवून दोन्ही पाय मोजावेत. उकंडाजींना मी वाचून दाखवताना ती दोन वाक्यं गाळली.

त्या खेपेला तपासायला आलेल्या नव्या डॉक्टरसाहेबानं त्यांना मेजावर निजवलं. उकंडाजी निजल्या निजल्याच सलाम करून ताठ झाले, पण आडव्या माणसाला चवड्यावर चालता येत नाही. पट्टीनं पाय मोजले गेले. साहेबानं माझा अर्ज पुन्हा एकदा वाचला, उकंडाजींकडं पाहिलं आणि काही न विचारता सही केली. पेन्शन मंजूर झाली.

मला वाटलं, हवालदार पेढे वाटतील. ते दुसऱ्याच दिवशी चिंतेत बुडून माझ्या सतरंजीवर येऊन बसले. म्हणाले, "घोळ झाला. पलटनीतले लोक अकोल्यातबी हायेत. बातमी जाईन, का उकंड्याले पिन्शन भेटली. मंग रहीम विचारंन, कायची भेटली? तुमी आत्ताच त्याले पत्र लिहा."

"काय लिहू?"

त्यांनी बराच विचार केला. मग सांगू लागले आणि मी उतरवू लागलो. 'रहीमखाँस उकंडाजीचा सलाम. सरकारनं मला पेन्शन दिली आहे. ती माझ्या उत्तम चालीबद्दल दिली आहे. साहेबानं तसं दोनदा लिहून ठेवलेलं आहे.'

"हे तर खरंच आहे," मी म्हटलं.

"म्हनून तं सांगतलं. खोटं कायले लिहाचं?"

पत्राची घडी घालायला मी घेतलं, तर त्यांनी माझा हात धरला. "थांबा. अजून एक लिहा खाली. तू टाइमावर जेवत जा."